आनंदाचं गानं

बावडा, ता. इंदापूर
१२ जानेवारी १९९७

एल्साबाई, म्हस्कू ढोलवाल्याचा रामराम.

तुमी जर्मनीहून धाडलेली कॅसेट मिळाली. वरचं इंग्रजी राममास्तरानं वाचून सांगितलं, 'धनगरांचं आनंदाचं गानं.' तुमी इचारलं तवा मीच तसं सांगितलं हुतं.

त्या दिशी तुमी माझा ढोल टेप करायला यायच्या आधी एसटीडीच्या दुकानात मला सुप्याहून फोन आला. आमची लेक छकुली सासरी बाळंतपणात वारली हुती. सुतक कळलं की आमच्यात ढोल खुंटीला जातो. तुमी दुपारच्या गाडीनं जानार, आन माझा ढोल तुमच्या मुलखात वाजावा ही मला हाव. कुनाला काय बोललो न्हाय. ढोल गळ्यात घातला.

समदी आळी नाचली. तीस वरसं माझा हात ऐकनारी मानसं, पर एकालाबी कळलं न्हाय. माझी बायकू म्हाळसा तर पदर खोचून नाचली. तुमाला आमचा एक शब्द समजत न्हवता, आन डोळं फकस्त तुमचंच वाहत हुतं.

म्हाळसाला वाटतं, फोन सांजच्याला, तुमी गेल्यावर आला. हे पत्र तुमाला कळायचं तर मास्तराकडनं इंग्रजी करून घ्यावं लागंल, मग ते तिच्या कानावर जाईल. म्हनून ते ढोलाच्या खोळीतच ऱ्हाईल.

ती रोज कॅसेट लावती. म्हनती, "बंद करू नगा. ह्या ढोलात आपली छकुली अजून जिती हाय."

आपला,
म्हस्कू