पायाशी पडलेली पुंगळी

१२ फेब्रुवारी
पोरीचा अंगठा गेला! डावा, मुळापासून. नेमबाजीच्या रेंजवर सातवी गोळी मारताना पिस्तुलाची नळीच फुटली, हाताचा चेंदामेंदा झाला. मी तिच्या मागे दोन पावलांवर, घड्याळ धरून. चष्म्यानं डोळे वाचले. तिचं रक्त माझ्या तोंडात गेलं. डॉक्टर म्हणाले, "अंगठा आणला असता तर जोडून बघितलं असतं." रांगत रांगत शोधला हो मी! चिंध्या मिळाल्या फक्त.

१३ फेब्रुवारी
रेंजला कुलूप. मालक मी, शिकवणारा मी — विचारतो कोण!
सातव्या काडतुसाची फुटलेली पुंगळी सापडली. बुडाशी पितळ टराटरा फाटलंय, ठिणगी देणारी टोपी उडालीय. एवढा दाब येतोच कसा? भरताना दारू दुप्पट पडली, दुसरं काय! वीस वर्षं रिकाम्या पुंगळ्या बघतोय, मला कोणी शिकवू नये. आणि आमची काडतुसं भरतो कोण? माझा मेहुणा. पत्र्याच्या खोलीत, रेडिओ ऐकत! गाण्याच्या नादात एकाच पुंगळीत दोनदा माप ओतलं असणार गाढवानं.
आज त्याची गय नाही.

१३, संध्याकाळ
मारलं त्याला.
दार उघडून म्हणाला, "दाजी, पोर कशी आहे?" तेवढ्यात पहिला ठोसा. "किती मापं घातलीस?" — "एकच, दाजी! आईशपथ, एकच!" दुसऱ्या ठोशाला जबडा कडकन वाजला. केस धरून डोकं टेबलावर आपटलं, दारूची डबी सांडली. चौथ्या की पाचव्या फटक्याला रडत म्हणाला, "पडली असेल हो... पडली असेल दुप्पट." तेव्हा सोडला.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी
ही माझ्याशी बोलत नाही. संध्याकाळी एकदाच म्हणाली, "एका खाटेवर पोटची पोर, दुसऱ्या खाटेवर पाठचा भाऊ. कुणापाशी बसू, तुम्हीच सांगा." मी चप्पल घालून बाहेर पडलो.

१६ फेब्रुवारी
पोर आज नीट बोलली. "बाबा, मामाला का मारलंत?" मग म्हणाली, "फुटायच्या आधीचा बार फुसका होता ना? पिस्तुलाची स्लाइड आपोआप मागे आलीच नाही. मी हातानं ओढली." मी म्हटलं, "झोप आता."

१७ फेब्रुवारी
पहाटे रेंजवर गेलो. पाच पुंगळ्या उजवीकडे, चार पावलांवर, जिथे पिस्तूल त्या फेकतं तिथेच. स्वच्छ. सहावी ती उभी होती तिथे, पायाशी. बाहेरून काजळीनं काळी. बारानं फुगायला हवी, ती फुगलेलीच नाही!
दारू दुप्पट कसली, त्या एकीत दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकली. मागून सातवी आली, अगदी नीट भरलेली. नळी फुटणारच की!
एक पुंगळी कोरी राहणं — अशी चूक भल्याभल्यांकडून होते. म्हणून तर नियम आहे: बार फुसका वाटला की थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं, नळी तपासायची. मग ती का थांबली नाही? कारण तिला मी शिकवलंय! पिस्तूल अडकलं की ठोक, ओढ, मार. दीड सेकंदात. दोन वर्षं, रोज. विचार करायला थांबली की डोक्यात टपली मारायचो.
त्या दिवशीही मीच ओरडलो — "ओढ! मार!" फुसका आवाज मला ऐकू आला होता. पण घड्याळ चालू होतं.
भिंतीवर बुक्क्या मारल्या. बोटं सुजलीत, अक्षर वाकडं येतंय. माझ्या हातानं माझ्या पोरीचा हात तोडला, आणि वर एका गरीब माणसाचा जबडा मोडला.
उद्या मेहुण्याचे पाय धरणार. सगळं सांगणार.

१८ फेब्रुवारी
धीर झाला नाही.

२० फेब्रुवारी
रेंजच्या परवान्याचे साहेब दवाखान्यात चौकशीला आले. मेहुण्याचा जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. कागदावर लिहून दिलं — "दारू माझ्या हातून दुप्पट पडली. मी जिन्यावरून पडलो. दाजींचा काही दोष नाही." लिहिताना रडत होता. चूक आपलीच, हे खरंच पटलंय त्याला!
खाली साक्षीदाराची सही हवी होती. मी केली.