दादा, शंख रिकामे नव्हते

दादा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं. खोटं लिहायचं नाही हा नियम मी वीस वर्षं डायरीत पाळते आहे, तो तुझ्या पत्रात कशाला मोडू?

आजच लिहायला बसले, कारण आज तुझा फोटो फ्रेम होऊन आला. आणि चार दिवसांपूर्वी मी टाकीत मासे सोडले. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात जुळून याव्यात म्हणून महिनाभर थांबले होते. हो, मुद्दाम.

कसले मासे म्हणून विचारतोस? तेच. आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातले, दीड इंचाचे, शंखात राहणारे. शैलानेच आणून दिले, माझी कॉलेजमधली मैत्रीण, आता कोलकात्यात असते ती. मागच्या वेळी आठ होते, या वेळी सहा. पिशवीतले मासे हातात देताना तिने विचारलं, या वेळी तरी जगतील ना गं? तिचाही विश्वास बसला होता, दादा, की मागचे माझ्या हातून मेले. सगळ्यांचाच बसला होता. माझासुद्धा!

टाकी दोन फुटांची. तळाला सती नदीची बारीक वाळू, धुऊन धुऊन पाणी नितळ होईपर्यंत. वर विहिरीचं पाणी. या कुरखेड्याच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आई रोज एकदा तरी बोलायची. असल्या जड पाण्यावर खूश होणारे तेवढेच जीव आपल्या घरात आले.

शंख आपल्याच बांधीतले. धान कापून झालं की वाळलेल्या चिखलात गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले असतात, तुला माहीत आहे. फुटके बाजूला काढले, उरलेले दोनदा उकळले, उन्हात वाळवले आणि तोंडं वर करून वाळूत रोवले.

ते वेचताना एक आठवलं. ते इथे लिहायचं नव्हतं. मी सात वर्षांची असताना माझ्यासाठी तू बोडीच्या तळ्यात मांडीपर्यंत गाळात उतरला होतास आणि शर्टाच्या ओच्यात शंख भरून आणले होतेस. शर्ट खराब केला म्हणून आईने तुला मारलं, आणि शंख माझ्यासाठी आणले हे तू तिला सांगितलं नाहीस. हे घडलं होतं, म्हणून लिहिलं. पण तुझ्या बाजूचं म्हणून मोजू नकोस.

आता त्या अकरा दिवसांचं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याला आधीपासून दिसत नव्हतं. तेवढ्यात मला भामरागडकडे निवडणुकीची ड्युटी लागली. शाळेतल्या बाईमाणसाला एवढ्या लांब कशाला, म्हणून मी भांडले, पण उपयोग झाला नाही. तू वरोऱ्याहून कापसाच्या जिनिंगमधून रजा काढून आलास. मला किती बरं वाटलं होतं! आई तुझ्यावर सोपवली आणि मासेही. तुझ्यासाठी कागदावर अकरा सूचना लिहून टाकीला चिकटवल्या. ड्युटी चार दिवसांची होती. पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला आणि आम्ही आणखी सात दिवस पलीकडे अडकलो. ना फोन, ना निरोप.

परत आले तर टाकी अंगणात पालथी घातलेली. आई काळा चष्मा लावून खाटेवर. पट्टी निघाली होती, तिला दिसत होतं. पहिलं काय म्हणाली सांगू?

"मालू, माह्या नशिबात नव्हत्या वं मासोळ्या. नजर आली अन् त्या गेल्या."

चार महिने ती त्या टाकीसमोर बसायची. दिसत नव्हतं तेव्हाही. मी सांगायची आणि ती ऐकायची. आता एक बाहेर आला, आता त्याने दुसऱ्याला हुसकावलं, आता नुसती शेपटी दिसते आहे. पट्टी निघाली की पहिल्यांदा तेच बघणार होती ती.

तू म्हणालास, "तिसऱ्या दिवशीच मेल्या. पाणी खराब झालं होतं. तुले नाई जमत हे."

मी विचारलं, मेलेले मासे कुठे आहेत? फेकले म्हणालास. मी मान हलवली. प्राणिशास्त्र शिकलेली मी, आणि एकही प्रश्न पुढे विचारला नाही! त्या रात्रीच्या डायरीत मी काय लिहिलं आहे, वाचून दाखवू? 'माझा निष्काळजीपणा. पाणी वेळेवर बदललं नाही.' निघायच्या आदल्या दिवशीच मी पाणी बदललं होतं, दादा. ते मागच्याच पानावर लिहिलेलं आहे. तरी तुझ्यावर विश्वास ठेवला, माझ्या स्वतःच्या पानावर नाही.

महिन्याभरात आईला तू वरोऱ्याला नेलंस. मालूला कधी कुठे पाठवतील नेम नाही, हे तुझं म्हणणं खरंच होतं. पण तुझं खरं कारण तू लग्नाकार्यात सांगायचास, पंगतीत, चार लोक ऐकतील असं.

"आमची मालू बीएस्सी झाली अन् शंख पोसून राह्यली. मासोळ्या होत्या, त्या मारल्या. आता आईले सांभाळीन म्हणते."

लोक हसायचे. मीही हसायची. आई हसायची नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का ते?

दर रविवारी यायची मी वरोऱ्याला. तू आईला मागच्या खोलीत ठेवलं होतंस, खाटेसमोर भिंत. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, त्यात तुझी आणि वहिनीची काही कसूर नव्हती, हेही लिहिते. पण ज्या डोळ्यांसाठी एवढं केलं त्यांना बघायला काय ठेवलंस? चुन्याची भिंत. माझा हात धरून म्हणायची, "मले तुह्या घरी ने ना." मी दारापर्यंत जायची, तुझ्याशी बोलायचं ठरवायची, आणि मग मनात यायचं, आठ मासे जगवता आले नाहीत तुला. म्हातारी आई घेऊन जातेस आणि उद्या पुन्हा ड्युटी लागली तर? परत फिरायची. तीन वर्षं परत फिरले. ती तिथेच गेली.

हे मी तुला कसं माफ करू?

तुझ्या तेरवीला पाहुणे पांगल्यावर मी आणि वहिनी मागच्या अंगणात चादरींच्या घड्या करत होतो. वहिनीने चादरीचं टोक हातात धरूनच ठेवलं.

"बाई, एक गोष्ट पोटात आहे. आता ते नाईत, तर सांगून टाकते. त्या तुमच्या मासोळ्या मेल्या नव्हत्या."

मला वाटलं, दुःखाने काहीतरी बोलते आहे. पण ती नीट, क्रमाने सांगत गेली. तू आल्यापासून तुला टाकीत मासे दिसलेच नाहीत. नुसती वाळू आणि शंख. (नवीन माणूस, जड पावलं, काचेवर तुझ्या अंगठीची टिचकी. ते कशाला बाहेर येतील?) दोन दिवस वाट बघितलीस. मग आईला न विचारताच ठरवलंस, मासे मरून कुठेतरी कुजले असणार. मालू यायच्या आत टाकी स्वच्छ करून ठेवू. शंख काढलेस, पातेल्यात टाकलेस आणि वरून कढत पाणी ओतलंस.

"मंग एकेक करून बाहेर आल्या म्हणे," वहिनी म्हणाली. "आठ मोजल्या त्याइनं."

मी विचारलं, हे तुम्हाला त्यानेच सांगितलं? हो म्हणाली. घरी आलास तेव्हा आधी हसत सांगितलंस, मग जेवला नाहीस. आणि तिला बजावलंस, "मालूले सांगू नको. ती सारं लिहून ठेवते."

तर हे तुझं भय होतं? आई दुखावेल याचं नाही, मी कोलमडेन याचं नाही. माझ्या वहीचं!

घरी आले आणि त्या वर्षीची डायरी काढली. तुला चिकटवलेल्या कागदाची नक्कल त्यात आहे, मी अशा नकला ठेवते. एक चिमूट खाणं. काचेवर टिचकी मारू नये. दिवा रात्री बंद. वीज गेली तर घाबरू नये. अकराच्या अकरा वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. मासे शंखाच्या आत असतात, हे त्यात कुठेही नाही.

कसं राहिलं? चार महिने आईला मी तेच तर सांगत होते. आमच्या घरात ते इतकं माहीत झालं होतं की कोणाला ते माहीत नसेल असं सुचलंच नाही. तोंडी सांगितलं होतं का? खूप आठवून पाहिलं. स्टँडवर जाताना काहीतरी बोललो होतो, काय ते आठवत नाही. डायरीत नाही. म्हणजे सांगितलं नसेल असं धरते.

म्हणून माझा निकाल ऐक. मासे मेले त्यात अर्धी चूक माझी. जास्तच असेल. तुझा हेतू वाईट नव्हता, तेही मान्य. पण त्यानंतरचं खोटं पूर्ण तुझं. त्यात मी वाटेकरी होणार नाही. एक वाक्य बोलायचं होतं तुला, 'मालू, माझ्याकडून मेल्या.' मी दोन दिवस रडले असते, कागदातली चूक सापडली असती, तुझ्यापुढे मीच ओशाळले असते. आणि आई माझ्याकडे राहिली असती. तू ते वाक्य गिळलंस आणि वर त्याचा विनोद केलास. चूक लपवली म्हणून इतका राग नाही. तिच्यावर टाळ्या घेतल्यास म्हणून आहे.

शैला म्हणते, मेलेल्या माणसाशी काय वैर? मी म्हटलं, तो जिवंत असताना कळलं असतं तर तेव्हा केलं असतं. मला उशिरा कळलं, त्याला मी काय करू?

आता टाकीत जो दांडगा नर आहे त्याचं नाव मी तुझं ठेवलं आहे. पाळण्यातलं नाही, घरातलं. बंडू. काजूएवढा जीव, पण टाकीत हात घातला की माझ्या बोटावर धावून येतो. काल दिवसभर दुसऱ्याच्या शंखावर वाळू ढकलून तो पुरत होता. संध्याकाळी मी चमच्याने तो शंख उकरून दिला. आज सकाळी त्याने पुन्हा पुरला, मी पुन्हा उकरला. बघू कोण थकतं.

या वेळी टाकीवर कागद लावला आहे. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे: मासे शंखात असतात.

आणि तुला दोन वचनं देते.

तुझ्या वर्षश्राद्धाला तीच माणसं येतील, तेच तुझ्या विनोदाला हसणारे. जेवणं झाल्यावर हे पत्र मी त्यांना वाचून दाखवणार. माझी विसरलेली ओळ गाळणार नाही, तुझी गिळलेलीही नाही. तिचं नाव येईल म्हणून वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "वाचा."

दुसरं तुझ्या फोटोचं. तो मी टाकीच्या बरोबर समोर टांगला आहे, जिथे आईची खुर्ची असायची तिथे, तेवढ्याच उंचीवर. हार घातलेला नाही, हार डोळ्यांवर आला असता. तो तिथून मी कधी हलवणार नाही. पाहुणे आले तरी नाही, दिवाळीच्या सफाईलाही नाही.

दहा मिनिटं न हलता बघितलं की ते बाहेर येतात, दादा. एवढंच करायचं होतं. आता बघ.

मालू