रुतलेली चप्पल

१२ सप्टेंबर, सकाळ

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र पूर्वीसारखंच ठणठणीत आहे. मांजरीने तुझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात तीन पिल्लं घातली आहेत. आणि नाना रोज फिरायला जातात.

या शेवटच्या वाक्यात थोडी लपवाछपवी आहे. ते एकटे जात नाहीत, मी मागे मागे जातो. महिन्यापूर्वी कालव्याच्या कडेने गेले आणि परत यायचंच विसरले. दुपारी भाजीवाल्या काकांनी हाताला धरून आणून सोडलं. जुना मित्र भेटला म्हणून उशीर झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. मला थापा मारता येत नाहीत हे तुला माहीत आहेच.

परवा पाऊस उघडला तसे आम्ही निघालो. कालव्याच्या भरावाखालून शेतातून जाणारी पायवाट म्हणजे नुसता राडा झालाय. नाना चपला हातात घेऊन अनवाणी चालत होते. तीस वर्षं त्यांनी कालव्याची राखण केली ती अशीच. भरावाच्या पायथ्याशी चिखल पायाला जास्त गार लागला, की समजायचं, वर कुठेतरी कालवा झिरपतोय. मी नवे बूट घालून ऐटीत चाललो होतो. ते मागे वळून म्हणाले, "बूट काढा. बुटाला काय कळतंय?"

'काढा' म्हणाले, मला. मला वाटलं, गंमत करतायत.

पुलाच्या अलीकडे ते थांबले, टाचेने दोनदा चिखल दाबला आणि तिथे काठी रोवली. खरंच झिरपत होतं. मी कळवल्यावर काल माणसं येऊन बुजवून गेली. पायांना अजून सगळं आठवतंय बघ.

तिथून पुढे पाऊल टाकलं तर माझा बूट रुतला. ओढला, तर पाय बाहेर आणि बूट आतच. नाना हसले आणि नव्याने कामावर आलेल्या माणसाला सांगावं तसं सांगू लागले.

"इथंच माझ्या मुलीची चप्पल रुतली होती. सात वर्षांची होती. तिच्या दादानं तिला पाठंगुळीला घेऊन घरापर्यंत आणलं. स्वतः केवढा, दहाचा. गुणाचा आहे पोरगा. तुम्ही ओळखत असाल त्याला."

मी 'हो' म्हणालो.

चिंगी, मी तुला पाठंगुळीला घेतलं नव्हतं. तू रडत होतीस आणि खेळ सुरू होईल म्हणून मी तुला टाकून पळालो होतो. संध्याकाळी मार बसणार या भीतीने पलंगाखाली लपलो, तर नानांनी मला बाहेर ओढून माझी पाठ थोपटली. ती का थोपटली, हे मला परवापर्यंत कळलं नव्हतं. दादाने उचलून आणलं असं तूच त्यांना सांगितलं असणार, आणि चाळीस वर्षांत मला एकदाही ते बोलून दाखवलं नाहीस.

आणि मी काय केलं? नाना विसरायला लागलेत, डॉक्टरांना दाखवू या, एवढंच तू चार वर्षांपूर्वी म्हणाली होतीस. मी चारचौघांत तुला खोटारडी म्हटलं. जबाबदारी टाळायला बहाणे शोधतेस म्हणालो. तुझं खरं होतं. माझं चुकलं, आणि त्याची मला फार लाज वाटते. काल शेवटी डॉक्टरांकडे नेलं. आधी आणायला हवं होतं, म्हणाले.

परवापासून त्यांनी मला एकदाही ओळखलेलं नाही. तुझं नाव मात्र दिवसातून दोनतीनदा घेतात. किती दिवस घेतील, सांगता येत नाही.

म्हणून ये. राग घेऊन आलीस तरी चालेल, पण याच आठवड्यात ये. मी थांब्यावर उभा असेन. तिथून घरापर्यंतची वाट अजून चिखलाचीच आहे. चप्पल रुतली तर या वेळी मी थांबेन.

तुला तिथे सोडून पळालेला,
दादा