पाणी होतं, मूल नव्हतं

८ जानेवारी, बुधवार

गर्भ नाही! तीनदा सांगितलं, तरी बाई ऐकायला तयार नाही.

चतुराबाई. वरच्या पाड्यावरची. जीपच्या टपावरून उतरल्यासारखी धुळीने माखलेली, पण आवाज खणखणीत. सोबत होणारी सून, रोशनी, वीस वर्षांची. पोट आठव्या महिन्याचं दिसतं. "बाळंतपणाला नाव लावा हिचं." मुलगा दिनेश दिवाळीनंतर निफाडकडे द्राक्षबागेत कामाला गेलाय. लग्न लागायचंय, पण सुपारी फुटली आहे आणि मुलगी यांच्याच घरी राहते. सुरगाण्यात याचं कोणाला काही वाटत नाही. नाशिकहून इथे आले तेव्हा मला वाटायचं. आता नाही.

लघवीची तपासणी केली — गर्भ नाही. हात लावला — पाण्याने तट्ट भरलेला फुगा. सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ, थेट बरगड्यांपर्यंत. गर्भाशय खाली कोपऱ्यात, मुठीएवढं, रिकामं.

"गाठ आहे. काढावी लागेल."

चतुराबाई हसली! "गाठ लाथ मारती व्हय? म्या हात ठिवून बघलंय."

"आतडी हलतात ती."

"तुमाला किती पोरं, बाई?"

"एक."

"मला सात झाली."

संपलं. तिच्या दृष्टीने तपासणी झाली, निकालही लागला. रोशनीला उठवलं आणि निघाली. मुलगी वळून माझ्याकडे बघत होती. 

१० जानेवारी, शुक्रवार

एका म्हाताऱ्याच्या नाकात जळू. ओहोळाचं पाणी ओंजळीने प्यायला, तेव्हा गेली. महिनाभर घोळणा फुटतोय म्हणून कांदा हुंगत होता. चिमट्याने ओढली, सुटेना. मिठाचं पाणी घातलं, मग सुटली. म्हातारा म्हणाला, "मेली का?" मी म्हटलं, मेली. "गरीब होती," म्हणाला.

रोशनीचा पत्ता नाही.

१३ जानेवारी, सोमवार

आली! आईने, भागीबाईने, आणली. आडवं झालं की दम लागतोय. त्या सासूला न विचारता आणली असावी, कारण भागीबाई सारखी दाराकडे बघत होती. थोड्या वेळाने चतुराबाई आलीच, मागच्या जीपने. भांडली नाही. व्हरांड्यात पाय पसरून बसली.

रोशनीला एकटीला आत घेतलं. सही तिची, निर्णय तिचा. नीट समजावलं. एक अंडाशय जाईल, दुसरं चांगलं आहे, पुढे मुलं होतील. ती म्हणाली, "मला म्हाइत व्हतं, पोर नाय ते."

"मग सांगितलं का नाहीस घरी?"

"त्या लय खूस व्हत्या."

सही केली. उद्या संक्रांत, म्हणून परवा टेबलावर घेते.

१५ जानेवारी, बुधवार

झालं. मुलगी उत्तम.

भूल द्यायला कळवणहून रविराज आला होता. तो म्हणाला, "मॅडम, उभा छेद घ्या, अख्खी बाहेर काढा." मी म्हटलं, लग्नाची मुलगी आहे, छातीपर्यंत फाडायची का? गाठीत सगळं साधं पाणी, कुठे जाड नाही, संशय घ्यावा असं काही नाही. खाली आडवा छेद घेतला, परकराच्या नाडीखाली लपेल असा. गाठीच्या तोंडाशी नळी शिवून टाकली आणि पाणी ओढून घेतलं. पोटात एक थेंब सांडला नाही. हरभऱ्याच्या कटासारखं पाणी, बाटल्यांमागून बाटल्या. नऊ लिटर! मग रिकामी पिशवी त्या छोट्या छेदातून अलगद बाहेर. रविराज म्हणाला, "मानलं." मानायलाच हवं. या वयात असं सफाईचं काम होतंय अजून.

मग नेहमीप्रमाणे ट्रे घेऊन बाहेर गेले. काढलेलं नातेवाइकांना दाखवायचं — ही माझी सवय आहे. खडा असो, गाठ असो. माणसांनी डोळ्यांनी पाहिलं की प्रश्न मिटतात.

ट्रेमध्ये ती पिशवी. फुटक्या फुग्यासारखी, चपटी, दोन तळहातांत मावेल एवढी.

चतुराबाईने पाहिली. वाकून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"अन् पोर?"

"पोर नव्हतं. पाणी होतं. नऊ लिटर."

"दावा पाणी."

पाणी केव्हाच मोरीतून गेलं होतं. सायली सिस्टरने बाटल्या धुऊनही ठेवल्या होत्या. ती कामाला चोख आहे, नेमकी आजही.

"एवढालं पोट," चतुराबाई हातांनी दाखवत म्हणाली, "अन् एवढीशी पिशवी! त्यातलं काढलं अन् टाकलं."

उठली आणि निघून गेली.

१६ जानेवारी, गुरुवार

पिशवी तपासायला नाशिकला पाठवली. रोशनी चहा प्यायली, चालली.

चतुराबाई आली नाही.

२० जानेवारी, सोमवार

खुर्चीत बसवेना. वॉर्डाचे तीन राउंड घेतले. सायली म्हणाली, "मॅडम, पेशंट झोपू द्या ना." तिच्यावर ओरडले. मग हत्यारांचं कपाट उपसलं आणि परत लावलं.

भागीबाईने सांगितलं ते असं — चतुराबाईने निरोप धाडलाय. पोर टाकून आलेली सून घरात नको. हिने दिनेशला फोन केला होता, तो म्हणाला, आई म्हणेल तसं.

त्यांना लग्नाआधीच्या गर्भाचं काही नव्हतं! त्यांना तो हवा होता. मी इतके दिवस वेगळ्याच लढाईची तयारी करत होते. मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवलं की काय सुनवायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. आणि ती बाई पहिल्या नातवाचं सुतक धरून बसली आहे.

२२ जानेवारी, बुधवार

पाड्यावर जाऊन आले. सोनोग्राफीच्या फोटोंचं पाकीट घेऊन. जीपमध्ये कोंबड्या, पत्रे, मी.

चतुराबाई अंगणात नागली पाखडत होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी फोटो काढले. हे बघा, सगळं काळं म्हणजे पाणी. बाळ असतं तर पांढरं दिसलं असतं, हाडं दिसली असती.

"कागद तुमचा. मशीन तुमचं." सूप थांबलं नाही.

घरात आढ्याला नवीन झोळी बांधलेली. जुन्या मऊ लुगड्याची. अजून सोडलेली नाही.

"अहो, मूल नव्हतंच! कितीदा सांगू?"

तेव्हा सूप ठेवलं तिने. "नव्हतं तर नव्हतं. पर कुठं पुरलं, तेवढी जागा दावा. भात ठिवायचा हाय. भात ठिवला नाय तर ते हितंच घुटमळतं, दुसरं येत नाय. मंग तिला घरात घिऊन काय करू?"

"जे नाही त्याची जागा कुठून दाखवू?"

"मंग बसा पानी प्या अन् जावा."

पाणी प्यायले. आले.

२३ जानेवारी, गुरुवार

टाके काढले. व्रण सुरेख, केसाएवढा. कोणाला दिसणार आहे तो?

रोशनीला घरी सोडायचं तर कुठल्या घरी? भागीबाईचं बिऱ्हाड शनिवारी दिंडोरीला मजुरीला निघतंय. ती म्हणते, हिला पण नेते. मी म्हटलं, ओझं उचलायचं नाही दोन महिने. "मंग मळ्यात बसून काय करंल, बाई?" खरं आहे. ठेवून घेतली इथेच, वॉर्डाच्या टोकाच्या कॉटवर.

संध्याकाळी रोशनी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, पुरलं म्हना ना. तुमचं काय जातं?"

"मी खोटं बोलू?"

"तुमी म्हनलं तर त्या ऐकतील."

"खरं सांगितलं ते ऐकलं नाही, आणि खोटं ऐकतील?"

"व्हय," म्हणाली. जराही न चाचरता.

हाकलली तिला. 

२७ जानेवारी, सोमवार

रिपोर्ट आला. साधी गाठ, कॅन्सर नाही. छान. याचा इथे कोणाला उपयोग नाही.

एक गोष्ट सुचली आहे. पॅथॉलॉजिस्टला फोन केला — उरलेली पिशवी परत पाठवा. तो म्हणाला, "मॅडम, तुकडे कापलेत मी त्यातले." असू दे. पाठवा.

३० जानेवारी, गुरुवार

पिशवीची बरणी काल नाशिकहून आली. दुपारी ओपीडी संपल्यावर दार लावून बसले. पिशवी धुतली. औषधात राहून चामड्यासारखी झालेली. जिथे कापली होती तिथे शिवायला घेतली. परत पाण्याने भरायची, होती तेवढी फुगवायची आणि चतुराबाईपुढे ठेवायची. बघा! एवढं पोट, एवढं पाणी!

जन्मभर टाके घातले, असले कधी नाही. एका बाजूने शिवावं, दुसऱ्या बाजूने गळतंय. नळाखाली धरली, जरा फुगली, नारळाएवढी झाली, आणि प्रत्येक टाक्यातून धार. ॲप्रन भिजला. चपला भिजल्या. पुन्हा भरली. पुन्हा गळली. सायलीने दार ढकललं, बघितलं, आणि फडकं आणून दिलं.

तिच्या मागे चतुराबाई उभी होती.

हातात पळसाच्या पानाचा द्रोण, वर फडकं. मी बोलावलं नव्हतं, तरी आली. जागा मी दाखवत नाही, तर स्वतः शोधून काढते, असं ठरवून आली असणार.

माझ्या हातात ती पिशवी, गळती. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं! 

ती जवळ आली. पिशवीला बोट लावलं, टाक्यांवरून फिरवलं.

"तुमीच शिवलं हे?"

"हो."

"कशाला?"

"तुम्हाला दाखवायला."

टाक्यांतून गळणाऱ्या धारेखाली तिने तळवा धरला. मग म्हणाली, "द्या मला."

"देता येत नाही. नियम आहे. दवाखान्यातलं दवाखान्यातच पुरावं लागतं."

"मंग पुरा. म्या हाय."

मागे आंब्याखाली खड्डा आहे, सिमेंटचं झाकण असलेला. बाळंतपणातली वार तिथे जाते, काढलेल्या गाठीही. ही तशीही आज ना उद्या तिथेच जायची. शिपाई झिपरूला झाकण सरकवायला सांगितलं. पिशवी मी माझ्या हाताने ठेवली. त्याने चुना टाकला, माती टाकली. चतुराबाईने झाकणाशी द्रोण ठेवला. भात, वर नागलीच्या भाकरीचा तुकडा. काहीतरी पुटपुटली, तिच्या बोलीत, मला कळलं नाही. मी शेजारी उभी होते. ओला ॲप्रन घालून.

तिने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पाणीच म्हणाले असते. असं वाटतं तरी.

मग ती वॉर्डात गेली, थेट टोकाच्या कॉटकडे. रोशनी ताडकन उठून उभी.

"निजून ऱ्हायलीस हितं! चल. शेळ्या काय मी एकटीनं राखायच्या?"

मी मागून ओरडले, ओझं उचलू द्यायचं नाही! दोन महिने!

"म्हाइत हाय," चतुराबाई न वळता म्हणाली. "सात झाली मला."

३१ जानेवारी, शुक्रवार

रविराजला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे शेवटी तुम्ही कबूल केलंत." मी काहीही कबूल केलेलं नाही! फोन ठेवला.

बैलाने मारलेला एक आला, मांडी उघडी. बरं झालं. दोन तास डोकं गप्प होतं.

१८ मार्च, मंगळवार

मोठी गाठ, पन्नाशीची बाई, बाऱ्हे गावाकडची. उभा छेद घेतला. अख्खी बाहेर काढली, परातीत घालून दाखवली. सगळ्यांनी हात लावून पाहिला. कोणी काही विचारलं नाही. व्रण मात्र हातभर.

मनाला समाधान नाही. मुलगा फोनवर म्हणतो, नाशिकला ये, विश्रांती घे. विश्रांती घेऊन करू काय?

२९ सप्टेंबर, सोमवार

रोशनी आली होती. गळ्यात काळी पोत, दिनेश मागे टोपी चुरगाळत. चौथा महिना. या वेळी खराच! पोटावर यंत्र टेकवलं. खोलीभर ठोके — घोडा धावल्यासारखे.

चतुराबाई दाराशी उभी होती. आत आली, यंत्राला कान लावून ऐकलं. मग माझा हात धरला.

"परत आलं," म्हणाली.

मी "हो" म्हटलं.