ला गारिताची पश्चिम भिंत

प्रति,
मा. नगराध्यक्ष,
नगरपालिका कार्यालय,
सान मातेओ तेकालपान, राज्य पुएब्ला.

विषय : ला गारिता येथील मातीच्या तटाची पश्चिम भिंत सोमवारी न पाडण्याबाबत, आणि तिच्यात रुतलेली गोळी न्यायालयाच्या तज्ज्ञासमोर काढण्याबाबत.

संदर्भ : १) जागेच्या कुंपणावर चिकटवलेली आपली नोटीस, दि. २२ फेब्रुवारी.
२) एवारिस्तो तोश्की याच्या अपघाती मृत्यूचा आपल्या सहीचा दाखला, त्याच तारखेचा.

महोदय,

१. मी, नोएमी तोश्की कुआउत्ले, राहणार वरची आळी, रसायनशास्त्राची पदवीधर आणि मयत एवारिस्तोची थोरली बहीण, हा अर्ज करते. वरील दोन्ही कागद एकाच दिवशी निघाले आहेत. एकात माझ्या भावाचा मृत्यू त्याचीच बंदूक फुटून झाला असे म्हटले आहे. दुसऱ्यात ज्या भिंतीत याच्या उलट पुरावा आहे, ती भिंत बाजारसंकुलासाठी पाडण्याचा आदेश आहे.

२. १८६३ साली या गावाने फ्रेंच पलटणीला याच तटावर अडवले. तेव्हापासून दर कार्निव्हलच्या मंगळवारी आम्ही ती लढाई पुन्हा लढतो. खालची आळी फ्रेंच होते, वरची आळी आपली. बंदुकीत दारू खरी असते, तिच्यावर कागदाचा बोळा ठासतात, गोळी नसते. तरीही बोटे तुटतात, भुवया जळतात. माझ्या वडिलांचा डावा कान असाच गेला आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. नियम एकच आहे. जो पडला त्याने लढाई संपेपर्यंत उठायचे नाही आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. शेवटी घरची बाई येते, नावाने हाक मारते, आणि मगच मेलेला उठतो. आपण स्वतः दरवर्षी घोड्यावर फ्रेंच सेनापती होता, त्यामुळे हे आपणास सांगण्याची गरज नाही. पण हा अर्ज पुढे ज्यांच्या हाती जाईल त्यांच्यासाठी लिहिणे भाग आहे.

३. यंदा बाजारसंकुल बांधणाऱ्या कंपनीने तटाभोवती पत्रे ठोकले होते आणि आत निळ्या गणवेशातले रक्षक उभे केले होते. आमच्याकडे त्या दिवशी निळा कोट फक्त फ्रेंच घालतात. पत्रे पाडून वरची आळी आत घुसली तेव्हा सुतार फिदेन्सिओ ओरडले, "अरे, खालच्यांनी यंदा फ्रेंच भाड्याने आणलेत!" सगळे हसले आणि मग रक्षकांना मार बसला. मी हे लपवत नाही. एकाचा जबडा बंदुकीच्या दस्त्याने फुटला. दुसऱ्याला पाय धरून खंदकात ओढत नेले. "मी कंपनीचा आहे, कंपनीचा!" असे तो ओरडत होता. "कंपनीचे फ्रेंच तर फारच रडके!" असे म्हणत पोरांनी त्याला आणखी तुडवले. त्याच्या तोंडातून रक्त येत होते आणि पोरांना तो रंग वाटला. तेव्हा फाटकाजवळच्या तिसऱ्या रक्षकाने कमरेचे पिस्तूल काढून एकदा झाडले.

४. एवारिस्तो पश्चिम भिंतीला पाठ लावून उभा होता. तो आधी गुडघ्यांवर आला, मग तोंडावर पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "दरवर्षी मरतोस, यंदा जरा मन लावून मेलास!" असे त्याचा मित्र मेलितोन म्हणाला. आपण घोडा थांबवून म्हणालात, "हा तोश्कीचा पोरगा पक्का नाटक्या!" आणि बक्षीस म्हणून त्याच्या अंगावर एक संत्रे टाकलेत. संत्रे त्याच्या पाठीवरून घरंगळून मातीत गेले. पाठीवरचा लाल डागही सगळ्यांना रंगच वाटला. तो हलला नाही, म्हणून पुन्हा टाळ्या पडल्या. नियमाप्रमाणे कोणीही त्याला हात लावला नाही. मीही लावला नाही. धूर विरेपर्यंत तो तिथेच पडून होता. डॉक्टरांच्या मते तो लगेच गेला नसावा.

मग बाया आल्या. एकेक मेलेला हाक ऐकून कपडे झटकत उठला. आई म्हणाली, "ऊठ रे एवारिस्तो, मोलेचं कालवण गार होतंय." दुसऱ्यांदा म्हणाली, "पुरे झालं आता, लोक बघतायत." तिसऱ्यांदा तिने हाक मारली नाही. तिने त्याला उलटे केले.

५. दाखल्यातील कारण पुढील निरीक्षणांशी जुळत नाही.

बंदूक फुटली असती तर नळी फाटली असती आणि हात व चेहरा भाजला असता. नळी अखंड आहे. चेहऱ्यावर मातीखेरीज काही नव्हते. मी गज घालून नळीची खोली मोजली, तो तळापर्यंत पोहोचत नाही. आत दारू आणि कागद तसेच ठासलेले आहेत, म्हणजे भावाने बार काढलाच नव्हता. न उडालेली बंदूक फुटत नाही. छातीवरची जखम लहान आणि पाठीवरची मोठी होती, आणि अंगरख्यावर दारूची काजळी कुठेही नव्हती. भिंतीत, तो जिथे उभा होता त्याच्या थेट मागे, ताजे भोक आहे. फाटकापासून त्या भोकापर्यंत दोरी ताणली तर ती त्याच्या छातीच्या उंचीवरून जाते.

ती गोळी मी स्वतः सहज उकरून काढू शकते. पण मग ती फक्त माझ्या हातातली एक गोळी ठरेल. ती जोवर भिंतीत आहे तोवरच तिला दिशा आहे. म्हणून भिंत उभी राहणे आवश्यक आहे.

६. याबाबत मी काल आपल्या कार्यालयात आले होते. भिंत दगडी नसून मातीची असल्यामुळे वारसा ठरत नाही, असे मला सांगण्यात आले. संकुलात वाहनतळाशेजारी 'वारसा कोपरा' होणार असून तिथे प्लास्टिकचा सैनिक बसेल, आणि कुटुंबाची हरकत नसेल तर त्याखालच्या पाटीवर माझ्या भावाचे नाव 'उत्सवातील दुर्दैवी अपघात' या शब्दांत कोरता येईल, असेही सांगण्यात आले. कुटुंबाची हरकत आहे.

बाहेर पडताना मी आपल्या व्हरांड्यातील काचेची पेटी पाहिली. तिच्यात मखमलीवर शिशाच्या सात गोळ्या ठेवल्या आहेत आणि खाली लिहिले आहे, 'पश्चिम भिंतीतून मिळालेल्या'. एकशेसाठ वर्षांपूर्वी ज्या गोळ्यांनी आमची माणसे मारली त्यांना कुलूप आहे. मंगळवारी माझ्या भावाला मारणारी गोळी सोमवारी राडारोड्याच्या ट्रकमधून नाल्यात जाणार आहे. वारसा ठरण्यासाठी किती वर्षे जुने मरण लागते, हे लेखी कळवावे.

७. सोमवारी पहाटेपासून वरची आळी भिंतीवर उभी राहणार आहे. खालची आळीही येणार आहे, फ्रेंचांच्या निळ्या कोटांत. दोन्ही आळ्या एका बाजूला उभ्या राहिल्याचे आमच्या वडिलांनाही आठवत नाही. आळ्यांच्या बंदुकांत नेहमीप्रमाणे कागद असेल. रक्षकांच्या पिस्तुलांत काय असते ते आपण घोड्यावरून पाहिले आहे. या वेळी जो पडेल त्याला आम्ही लगेच हात लावू, नियम मोडून.

सबब, पाडकामाला तातडीने स्थगिती द्यावी, तज्ज्ञ बोलवावा आणि गोळी काढताना आपण स्वतः हजर राहावे. त्या दिवशी कृपया निळा कोट घालू नये.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
नम्र,
नोएमी तोश्की कुआउत्ले
शुक्रवार, २४ फेब्रुवारी २०२३

सोबत :
१) भिंतीतील भोकाची छायाचित्रे, मोजपट्टीसह.
२) डॉक्टरांचे सहीनिशी निवेदन.
३) दोन्ही आळ्यांतील रहिवाशांच्या सह्या. जबडा फुटलेल्या रक्षकाचीही सही आहे. त्याने ती दवाखान्यातून पाठवली.
४) एवारिस्तोची बंदूक. अर्जास जोडलेली नाही. आमच्या घरी आहे, आणि अजून भरलेली आहे.