मिरवणूक नसलेला शेवट

९ जानेवारी, शुक्रवार. सातारा.

मुक्ताच्या पिक्चरचा तिसरा भाग आज लागला. सकाळचा खेळ. मी, मुक्ताची आई सुमन, थोरले भाऊ आप्पा, वहिनी. गावाहून दोन जीप भरून माणसं. फलकावर मुलीचं नाव अगदी खाली, बारीक अक्षरात. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

आप्पा फेटा बांधून आले होते. मागच्या खुर्चीवरच्या माणसाने उतरवायला लावला. उतरवला. एरवी उतरवला नसता.

शेवट आला. काळा पडदा. दिवे लागले तरी गावची माणसं बसूनच. तानाजी मोठ्याने म्हणाला, "आन् मिरवणूक कुटं हाय?"

आप्पा जीपमध्ये पुढे बसले. फेटा वडूजपर्यंत मांडीवरच होता म्हणे.

१० जाने.

क्रमाने लिहून ठेवतो. नंतर सोयीचं तेवढंच आठवतं.

पहिल्या भागात तारा यानातून जाते. दुसऱ्यात एकटी असते. हे दोन्ही भाग सगळ्यांना आवडले. तिसऱ्यात ती परत येते. पृथ्वीवर चाळीस वर्षं गेलेली, तिची सहाच. धाकटा भाऊ आता तिच्याहून म्हातारा.

गेल्या मार्चमध्ये मु. ने आप्पांना फोनवर एवढंच सांगितलं की तारा घरी परत येते तो प्रसंग आपल्या गावात घ्यायचाय. आमच्याकडे पलटणीतून सुटून आलेल्या माणसाला फाट्यापासून घरापर्यंत मिरवत आणतात. फुलांची उघडी जीप, पुढे हलगी, दारोदार ओवाळणं. अशी प्रत्येक मिरवणूक आप्पाच काढतात. परत येणं म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं.

मु. पोचली तेव्हा सगळा गाव फाट्यावर. फ्लेक्ससुद्धा लागलेला: 'अंतराळवीर ताराताईंचे सहर्ष स्वागत', खाली शुभेच्छुकांचे फोटो. आप्पांचा सगळ्यात मोठा. मु. ला नाही म्हणवेना. तिने कॅमेरा लावला. जीपमधल्या नटीच्या कपाळावर कुंकवाचा थर चढला. बबनने हलगी फोडायची बाकी ठेवली.

गाव पांगल्यावर तिने त्याच नटीला फाट्यावर पुन्हा उतरवलं. एसटीतून. एकटीला. हातात काळी ट्रंक. ज्वारी काढलेल्या रानातून ती चालत येते, घरासमोर थांबते, कडीवर हात ठेवते. आत कुणीतरी खोकतं. संपलं.

पडद्यावर तेवढंच आलं.

११ जाने., रविवार.

माजी सैनिकांच्या ग्रुपवर सकाळपासून लढाई. मी गप्प राहून वाचतो.

तानाजी: मंगळापलीकडनं आली आन् घरापतूर यस्टीनं? कुणीतरी: यानाला फाट्यावर थांबा न्हाई. तानाजी: दोन भाग आमाला रडवलं, तिसऱ्यात फसवलं. मास्तरच्या पोरीनं गाव कापला.

दुसरी बाजू लहान. बहुतेक बायका, नवऱ्यांच्या फोनवरून. एकीने लिहिलं, ती कडीपाशी थांबली तेव्हा मी शेजारणीचा हात धरला, मिरवणुकीत कधी कुणाचा धरला नव्हता.

आप्पांच्या घरात उभी फूट. वहिनी मु. च्या बाजूने. आप्पांनी विचारलं, तुला त्यात काय दिसलं? वहिनी म्हणाल्या, "मिरवणूक काय, दर साली बगतोय." आप्पा जेवले नाहीत म्हणे. नंतर भाकरी मागितली.

१४ जाने. संक्रांत.

मु. पुण्याहून आली. तिळगूळ घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाले, गोड बोल म्हणायचा दिवस हाय, म्हणून गपच बसतो. पण बसवेना.

"बायांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या. गाव उन्हात उभा ऱ्हायला."

"आप्पा, मी मिरवणूक काढा म्हटलं न्हवतं."

"सांगाय लागतंय व्हय?"

तिने हातावरचा तिळगूळ तोंडात टाकला.

सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर गावच्या सभागृहात पिक्चर दाखवायचं ठरलंय. आप्पांचं म्हणणं साधं: तोवर मिरवणूक जोड. मु. म्हणाली, विचार करते. ते म्हणाले, इचार करायची गोष्ट न्हाई, जोडायची हाय.

परत येताना गाडीत तिने माझं मत विचारलं. शेवट बरोबर आहे, म्हटलं. तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं: लेखकाने दारापर्यंत न्यावं.

ती म्हणाली, "ते ठाऊक आहे बाबा. बघताना काय वाटलं?"

समोर उसाची ट्रॉली होती. ट्रॉलीला बाजू देण्यात वेळ काढला.

१६ जाने.

काय वाटलं ते. दार उघडावं असं वाटलं.

आप्पा तोफखान्यातून हवालदार म्हणून सुटून आले तेव्हा मिरवणुकीची पद्धत नव्हती. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. दुपारची वेळ. आई आणि वहिनी रानात. मी आतल्या खोलीत वाचत होतो. दाराबाहेर जड काही ठेवल्याचा आवाज आला. कडी हलली. मग काही नाही. कुणीतरी आहे हे कळत होतं. आप्पा असावेत हेही, कारण पत्र येऊन गेलं होतं. प्रकरण संपायला चार पानं होती. मी ती संपवली.

आई रानातून आली तेव्हा ते कडीवर हात ठेवून तसेच उभे. तिने विचारलं, आत का न्हाई गेलास रं? ते म्हणाले, आत्ताच आलोय.

अठरा वर्षं पलटणीत राहून स्वतःच्या घराचं दार ढकलायची सवय गेलेला माणूस तो. आतून कुणी बोलावण्याची वाट बघत होता.

मु. आठवीत असताना तिला हे सांगितलं होतं, चार पानं वगळून. खोकला तिने घातला. तो माझाच आहे, त्या दुपारी वाचताना आलेला. तिला कसा कळला?

१८ जाने., रविवार. सांगली.

एकटाच गेलो. दुपारचा खेळ, खुर्च्या भरलेल्या, बहुतेक कॉलेजची मुलं. आपली माणसं आजूबाजूला नव्हती, म्हणून नीट बघता आलं.

आणि ऐकता आलं. ती रानातून चालते तेव्हा लांब कुठेतरी हलगी. सुरुवातीला वाटलं बाहेर रस्त्यावर. पण चौथ्या ठोक्याला जराशी अडखळणारी हलगी एकाच माणसाची. बबनच्या डाव्या हाताचं एक बोट मळणी यंत्रात गेलंय. कडीवर हात येतो, पडदा काळा होतो, हलगी चालूच राहते. बराच वेळ. मग थांबते. साताऱ्यात ही सगळी हलगी आमच्या गावाच्या गलक्याखाली गेली.

बाहेर पायऱ्यांवर दोन मुली भांडत होत्या. एक म्हणे, तीन भाग वाट बघायला लावून दार न उघडणं हा उर्मटपणा. डोळे पुसत म्हणत होती. दुसरी म्हणे, तू कडीच्या आत आहेस का बाहेर ते आधी ठरव. एक मुलगा मध्येच म्हणाला, चौथा काढणार असतील. दोघींनी त्याला घालवून दिलं.

शेजारच्या चहावाल्याने विचारलं, आजोबा, तुमाला कळला का पिक्चर? मी म्हणालो, माझ्या मुलीने काढलाय. विचारलं काय, सांगितलं काय. त्याने कप पुन्हा भरला. मी सांगायला नको होतं. पार्किंगमधल्या माणसालाही सांगितलं.

मु. ला फोन. ती म्हणाली, हो, त्याच दिवसाची हलगी. गाव कापला नाही. दृश्य काढून टाकलं, आवाज ठेवला.

"तिची मिरवणूक आहे ती? की दुसऱ्या कुणाची?"

"तुम्ही मास्तर आहात. तुम्ही विचारायचं नसतं."

आप्पांना सांगतो म्हटलं तर तिने अडवलं. त्यांचं त्यांना ऐकू दे. पण त्यांचा डावा कान तोफेने नेलाय आणि उजवा अर्धा.

२३ जाने.

मु. आली. बरोबर दोन पेनड्राइव्ह. काळ्यात आहे तो शेवट, लालात मिरवणूक जोडलेला. सव्वीसला काळा लावणार. नंतर आप्पा म्हणतील तो शेवट ठेवणार. मला वाटलं गावापुरता. तसं नाही. पुढे जिथे जिथे दाखवला जाईल तिथे.

मी चिडलो. असं कुणी करत नाही. मतं घेऊन शेवट ठरत नाहीत. ग्रुपवरच्या भांडणाला भिऊन तर कधीच नाही. बरंच बोललो, वर्गात बोलतो तसं.

तिने बोलू दिलं. मग म्हणाली, "ग्रुपला कोण विचारतंय? एकाच माणसाला विचारतेय. परत येणं त्यांचं होतं, बाबा. मी न विचारता घेतलं."

अंगणात जाऊन उभा राहिलो. हे मी तिला शिकवलेलं नाही. कुठल्या पुस्तकातही मला सापडलं नव्हतं. छाती भरून येणं हा शब्दप्रयोग मी मुलांच्या निबंधात खोडत आलो. आज खोडत नाही.

तरीही लाल नको, असं वाटतं. हेही लिहून ठेवतो.

२६ जाने., सोमवार. गावी.

झेंडावंदन झालं. आप्पा पदकं लावून. तिथून सगळे सभागृहात. उजेड अडवायला खिडक्यांना घोंगड्या बांधलेल्या. एक कमी पडली तर वहिनींनी घरून आणवली.

तानाजीने येता येता विचारलं, "मुक्ते, आमी हाय का आज?" ती म्हणाली, "हाय. नीट बसलास तर." त्याला ते होकारासारखं वाटलं.

मु. ने आप्पांना पहिल्या रांगेत अगदी डाव्या टोकाला बसवलं. उजव्या कानावर गावाचा गलका पडेल अशी जागा. मी तिला खुणावलं. तिने मान हलवली आणि स्पीकरच उचलून आप्पांच्या उजवीकडे आणून ठेवला. पुढच्या पोरींना मागे सरकायला लावलं. आप्पा म्हणाले, काय गं, कानात घालतीस का? ती म्हणाली, व्हय.

शेवट. फाटा. एसटी. ट्रंक. मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. ती रानात शिरली तशी त्यांनी मान थोडी वळवली. मग पूर्ण वळवली. पडदा सोडून स्पीकरकडे बघायला लागले.

कडी. खोकला. काळं.

तानाजीची खुर्ची वाजली. मागे बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, ह्या बारीलाबी न्हाई.

आप्पांनी मागे न बघता हात वर केला.

"बसा. हलगी वाजतीया."

गाव बसला. काळ्या पडद्यासमोर सगळे कान लावून. मागून बबनचा आवाज आला, अगदी हळू: "माजी हाय ती." कुणी हसलं नाही. हलगी फाट्याकडून येत राहिली, जवळ आल्यासारखी वाटली, पोचली नाही. थांबली.

घोंगड्या सोडल्या. उजेडात तानाजीने आप्पांना विचारलं, म्हंजी मिरवणूक हुती का नव्हती? आप्पा उठले. लगेच चार जणांनी चार वेगळी उत्तरं दिली. दारात, पायऱ्यांवर, पारापाशी. मु. दोन्ही पेनड्राइव्ह मुठीत धरून उभी. आप्पा तिच्यासमोर थांबले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, काढला. काळा की लाल, ते सांगितलं नाही.

पायऱ्या उतरताना माझ्या शेजारी आले.

"तवा तू आत हुतास."

"व्हय."

"जागा हुतास?"

इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. झोप लागली होती म्हटलं असतं तर चाललं असतं.

"व्हय, आप्पा."

त्यांनी एक पदक सरळ केलं. "बरं," म्हणाले आणि घराकडे वळले.

२७ जाने., मंगळवार. गावी.

काल इथेच, जुन्या घरात राहिलो. आप्पांचं घर पलीकडे, रस्ता ओलांडून. वहिनी सांगून गेल्या, काल नीट जेवले.

ग्रुपवर आज नवे दोन पक्ष. एक म्हणतो हलगी ताराचीच, गाव तिला शोधत निघालाय. दुसरा म्हणतो, दुसऱ्याच कुणाची, म्हणून तर ती एकटी. तानाजी सकाळी पक्ष बदलून आला. मु. ला आठ वाजता पुण्याला निघायचंय. दोन्ही पेनड्राइव्ह कोनाड्यात ठेवून ती चहा करतेय. वाट बघत नाही असं दाखवते. कुठलाही उरला तरी मला त्या शेवटाबद्दल आता एकच म्हणायचं आहे, आणि ते मी तिला वर्गातल्या भाषेत न सांगता साध्या

बाहेर पाऊल थांबलं. कडी हलली.

वाक्य राहू दे. उठतो.