साठ ते सत्तर

सोमवार, ३ नोव्हेंबर

दार बाहेरच्या बाजूला उघडतं. खोलीचं दार! आणि बाहेर लगेच जिना. म्हणजे मी दार ढकललं की खालून येणाऱ्याचं नाक गेलंच. आज पहिल्याच सकाळी वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या पिशवीवर आदळलं. ते माझ्याकडे असे बघत गेले की जणू हे दार मीच बसवलंय.

घरमालकीणबाईंनी किल्ली देताना "आपलंच घर समजा" म्हटलं. मग सुरू झाल्या – भिंतीला खिळा नको, नऊनंतर नळ नको, पाहुणे नकोत, गच्चीवरची दोरी फक्त त्यांची. आपल्या घरात मी इतकी जीव मुठीत धरून कधी राहिले नाही.

लॅब कुठे म्हणून चौघांना विचारलं. चौघेही म्हणाले, "इथेच, पाच मिनिटांवर." चौघांनी चार दिशा दाखवल्या. पंचवीस मिनिटं चालले. पोचले तर बसायला स्टूल नाही. म्हणजे आहे, पण त्यावर एकाचं हेल्मेट आणि एकाचा डबा. कवळ्या बनवणारी एवढी मोठी लॅब, वीस माणसं कामाला, आणि बोलावून आणलेल्या सीनियर टेक्निशियनला स्टूल नाही! दिवसभर उभ्याने मेणात दात लावले. पायाचे खांब झालेत.

संध्याकाळी साडेसहाला घरी फोन केला. वहिनी म्हणाली, "आबा झोपलेत."

साडेसहाला? आबा?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

"आबा फिरायला गेलेत."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

"आबा आंघोळीला गेलेत." संध्याकाळी सातला आंघोळ. वहिनीला खोटं बोलता येत नाही, आणि येत नाही हेही तिला कळत नाही.

ठीक आहे. म्हणजे आबांनी अबोला धरलाय. मी नोकरीसाठी गाव सोडलं ही माझी चूक. इथे पगार जास्त आहे, काम शिकायला मिळेल, हे सगळं त्यांच्यापुढे बसून बोलले होते. तेव्हा म्हणाले होते, "जा सशा, जाऊन बघ." (लहानपणी माझे पुढचे दोन दात मोठे होते. तेव्हापासून मी ससा.) आणि रविवारी निघताना? दारात उभे. ओठ घट्ट मिटलेले. दादाने बॅग उचलली, वहिनी रडली, आणि आबा मिठाची गुळणी धरून उभे! फक्त मान हलवली.

तीस वर्षं हा माणूस बसस्टँडच्या माईकवरून सगळ्या गावाला सांगत होता – सहा नंबरच्या फलाटावर कुठली गाडी लागली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. काय आवाज! माणसं चहा अर्धा टाकून पळायची. स्वतःच्या पोरीच्या गाडीला मात्र एक शब्द नाही.

आणि मी निघण्याआधी त्यांना नवी कवळी करून दिली होती. आठवडाभर बाकी कामं बाजूला ठेवून. वेळ नव्हता म्हणून मेणातली ट्रायलसुद्धा घेतली नाही – कच्चे दात तोंडात घालून बघायचे असतात ती – थेट पक्की केली. तरी शुक्रवारी अशी चपखल बसली! कागद चावून दाखवला त्यांनी. माझ्या हातची सगळ्यात चांगली कवळी. ती तोंडात घालूनच माझ्याशी बोलायचं नाही म्हणतायत.

रविवार, ९ नोव्हेंबर

सुट्टी. खिडकीतून समोरची भिंत दिसते. भिंतीवर लिहिलंय, 'येथे वाहन लावू नये'. समोर सात वाहनं.

बसमध्ये आता एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज थांब्यांची नावं सांगतो. थांबा निघून गेल्यावर सांगतो. आबांनी ऐकलं असतं तर त्या बाईचा कान पकडला असता.

फोन केला नाही. मीही त्यांचीच मुलगी आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

इथल्या लोकांना वेड लागलंय.

लॅबच्या पुढच्या बाजूला एक छोटी खोली आहे. खुर्ची, आरसा, पाण्याचा पेला. दर बुधवारी तिथे एकेक म्हातारं माणूस येऊन बसतं आणि काचेपलीकडून ऐकू येतं – "साठ, एकसष्ट, बासष्ट..." सत्तरपर्यंत. मग पुढचा. परत साठ, एकसष्ट. सकाळपासून सहा जणांनी पाढे म्हटल्यासारखे अंक म्हटले! समोर मास्तर बसलेले – म्हणजे आमचे मुख्य कारागीर, सगळे त्यांना मास्तर म्हणतात – डोळे मिटून ऐकतायत, गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे.

हे काय चाललंय ते कुणी मला सांगितलं नाही. मी विचारणार नाही. बारा वर्षं दात लावतेय. आमच्याकडे डॉक्टर साचा पाठवायचे, आम्ही त्यावर कवळी करून परत पाठवायचो. माणसाचं तोंड बघायची गरज कधी पडली नाही, आणि माझं एकही काम परत आलं नाही.

स्टूल मिळालं. एक पाय आखूड आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दादाचा फोन. मी फोन करत नाही म्हणून ओरडला. मी म्हटलं, आबांना दे. तर म्हणाला, "तू गेल्यापासून तोंडच उघडत नाहीत गं. आमच्याशीही हो-नाही मानेनेच. कट्ट्यावर जाणं बंद केलंय. मनाला फार लागलंय त्यांच्या."

"मग मी काय करू?"

"मी काय सांगणार. परत आलीस तर बोलतील कदाचित."

तळपायाची आग मस्तकात गेली. दादा दोन वर्षं परदेशी होता तेव्हा आबा कट्ट्यावर कौतुक सांगत फिरत होते. मी चार तासांच्या अंतरावर आले तर मौनव्रत!

नंतर मात्र रडू आलं. चिडूनच आलं, पण आलं. आबा आणि बोलत नाहीत – कल्पनाच करवत नाही. आम्हाला झोपेतून उठवायलासुद्धा घोषणा करायचे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज माझी कवळी त्या खोलीत गेली.

एक निवृत्त ग्रंथपाल बाई. त्यांच्यासाठी मी लावलेले दात अजून मेणातच होते. मी मुद्दाम काचेजवळ उभी राहिले, कौतुक ऐकायला. बाईंनी कवळी घातली, आरशात पाहिलं, हसल्या. छान दिसत होत्या. मास्तर म्हणाले, "म्हणा."

साठ – ठीक. एकसष्ट – ठीक नाही. बासष्टला बारीक शिट्टी. सहासष्टला तर प्रेशर कुकर! मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी पटकन तोंडावर हात घेतला.

मास्तरांनी मला आत बोलावलं. सगळ्यांदेखत. म्हणाले, "टाळूपाशी जिभेला जागा कमी ठेवलीस. 'स' अडकतोय. साठ ते सत्तरमध्ये 'स' किती वेळा येतो मोज, म्हणून आम्ही तेच म्हणायला लावतो."

मी म्हटलं, "चावताना बरोबर बसतेय. साच्याबरहुकूम केलंय."

"चावताना बसणारच. माणूस दिवसातून तीनदा चावतो. उरलेला वेळ बोलतो."

कान तापले होते. ते शांतपणे मेण गरम करत बसले आणि माझे दात – माझे! – एकेक करून बाहेर ढकलत गेले. केसभर. एवढ्याशा केसभर अंतरासाठी वीस माणसांसमोर तमाशा!

मेण निवेपर्यंत ग्रंथपाल बाई माझ्याशी बोलत बसल्या. मला बरं वाटावं म्हणून असेल. आधीची कवळी तोंडावर हात ठेवून वापरायच्या म्हणे. "लोक समोर असले की मान हलवून भागतं. फोनवर काय करणार? फोनवर सगळं ऐकू जातं. दीड वर्ष मी लेकाचा फोन सुनेला घ्यायला लावला. तो समजला, आई रागावली." हे सांगून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मला मास्तरांच्या चष्म्याची दोरी ओढावीशी वाटत होती.

दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सत्तरपर्यंत स्वच्छ आलं. बाईंनी हौसेने परत एकदा म्हटलं.

मला ते कौतुक बघवेना.

गुरुवार, २० नोव्हेंबर

राजीनामा लिहिला. चार ओळी. 'कौटुंबिक कारणास्तव' असं लिहिलंय. खरं तर चार कारणं आहेत – दार, स्टूल, मास्तर आणि आबा. पण दार आणि स्टूल सहन झाले असते. मास्तरही झाले असते, खरं लिहायचं तर. उद्धट नाहीत, बरोबर आहेत म्हणून जास्त राग येतो. आबांचं मात्र सहन होत नाही. अठरा दिवस झाले. मी इथे शिकून कोण होणार आहे, जर घरी फोन केला की वहिनीने नवीन आंघोळ शोधायची?

शनिवारी देणार. कागद पिशवीत ठेवलाय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मास्तरांनी स्वतःहून स्टूलच्या पायाखाली प्लास्टरचा तुकडा घासून बसवला. म्हणाले, "डुलत बसलीस तर हात कसा स्थिर राहील?" मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. उद्या जायचंच आहे, आता कशाला माया लावतायत!

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी लॅबला निघण्याआधी घरी फोन केला. राजीनामा देण्यापूर्वी आबांना सांगणार होते – जिंकलात, येतेय परत, आता तरी तोंड उघडा. अगदी याच शब्दांत. पाठ केलं होतं.

वहिनी म्हणाली, "आबा ना..."

"वहिनी, आंघोळ नको. झोप नको. फोन त्यांच्या कानाला लाव."

"अगं, त्यांनीच सांगितलंय देऊ नको म्हणून. तुला कळलं तर वाईट वाटेल म्हणाले. म्हणजे, म्हणाले नाहीत, लिहून दाखवलं."

"काय कळलं तर?"

उत्तराऐवजी खुडबुड, मग श्वास. आबांचाच श्वास. मी पाठ केलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात ते म्हणाले, "शशा."

मी ससा. जन्मभर ससा. आज शशा, आणि मध्ये एक बारीक शिट्टी.

मी जिन्यात मटकन बसले. पाठीमागून माझंच दार येऊन लागलं. मग म्हटलं, "आबा, साठपासून मोजा."

त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. हळूहळू म्हणत गेले. मी पिशवीतून हाताला लागेल तो कागद काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेत गेले – बासष्टला शिट्टी, सहासष्टला मोठी, अडुसष्टला अडखळले.

सत्तरला थांबतील असं वाटलं होतं. एकाहत्तर म्हणाले, बाहत्तर म्हणाले. मोजतच राहिले. मी थांबवलं नाही.